आकाशाची खानेसुमारी आणि न दिसणारे द्रव्य



विश्वात जेवढे म्हणून द्रव्य आहे त्याच्या शंभर भागांपैकी सुमारे ८५ भाग कोणालाही दिसत नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. सूर्य, चंद्र, तारे, समुद्र, डोंगर, आपण सगळे आणि आपली भांडीकुंडी, हे सर्व उरलेल्या १५ भागांत आले. न दिसणार्‍या भागाला मराठीत कृष्णद्रव्य म्हणतात. इकडच्या शाळेत जाणार्‍या मुलांनी त्याचे नाव ‘होमेर आफेल’ असे ऐकले असेल. नाव कृष्ण असले तरी ते काळे नाही बरे का. काळी वस्तू निदान दिसते तरी! हे द्रव्य प्रकाश देत नाही, प्रकाश अडवत नाही, त्याची सावलीही पडत नाही. मग ते आहे हे कळले कसे, आणि ते कशाचे बनलेले आहे याचा शोध आकाशातल्या दीर्घिका मोजून कसा चालला आहे, ते या लेखात सांगावयाचे आहे.

आम्ही जन्मभर नर्सिंग केले, त्यामुळे न दिसणार्‍या गोष्टींचे आम्हाला फारसे नवल वाटत नाही. ताप कोणी पाहिला आहे? दिसतो तो थर्मामीटरचा पारा. अंग तापले, नाडी जलद झाली, की आत काहीतरी बिघडले आहे एवढे कळते. पण साथ आली की एका रोग्यावर भागत नाही. साथ पाण्यातून पसरते की डासांमुळे, लहान मुलांना जास्त धरते की म्हातार्‍यांना, हे कळावयाचे तर घरोघर हिंडून नावे, वये, दिवस लिहून घ्यावे लागतात. हजार घरांची वही भरली की रोगाचा स्वभाव दिसू लागतो. कृष्णद्रव्याचेही असेच झाले. एकेका दीर्घिकेने ‘ते आहे’ असे सांगितले. त्याचा स्वभाव कळायला मात्र आकाशाची खानेसुमारी करावी लागली.

मुलांनो, दीर्घिका म्हणजे तार्‍यांचा प्रचंड मेळा. आपला सूर्य हा एक तारा. असे दहा हजार कोटींहून अधिक तारे ज्या मेळ्यात एकत्र फिरतात ती आपली दीर्घिका, आकाशगंगा. हिब्रूत तिला ‘श्विल हे-हालाव’, म्हणजे दुधाची पायवाट म्हणतात. आपल्या शेजारच्या मोठ्या दीर्घिकेचे नाव देवयानी. शेजारची म्हटली तरी तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षे लागतात.

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी नावाचे स्विस शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात काम करीत होते. त्यांनी ‘कोमा’ नावाच्या दीर्घिकांच्या गुच्छाचा अभ्यास केला. (हा आमच्या हॉस्पिटलातला कोमा नव्हे. इथे कोमा म्हणजे केस.) त्या गुच्छातल्या दीर्घिका इतक्या वेगाने इकडेतिकडे धावत होत्या की दिसणार्‍या तार्‍यांच्या वजनाने त्यांना धरून ठेवणे शक्यच नव्हते. गुच्छ केव्हाच विस्कटून जायला हवा होता. तेव्हा तिथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असे झ्विकी म्हणाले. पुढली जवळजवळ चाळीस वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले.

लक्ष द्यायला लावले ते एका बाईने. व्हेरा रुबिन यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील विल्नाकडचे, पेशाने इंजिनियर. मुलीला तार्‍यांचे वेड लागले तेव्हा त्यांनी तिला पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण करायला मदत केली. त्या काळी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात बायकांना शिकायला घेतच नसत. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत रीतसर परवानगीने काम करणार्‍या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तिथे बायकांसाठी संडास नव्हता! तर त्यांनी कागदाचा स्कर्ट कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवून दिला. आमच्या नाइट ड्युटीच्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या पोट धरून हसल्या. चार मुलांचा संसार सांभाळून रुबिनबाई रात्र-रात्र दुर्बिणीपाशी बसत आणि केंट फोर्ड यांनी तयार केलेल्या उपकरणाने देवयानीतल्या वायूच्या ढगांचा वेग मोजत.

त्यांना काय दिसले ते नीट समजून घेऊ. सूर्याभोवती फिरणार्‍या ग्रहांत जवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो आणि दूरचा नेपच्यून अवघा साडेपाच. दूर गेले की ओढ कमी, म्हणून वेग कमी. देवयानीच्या काठावरचे तारेही असेच रेंगाळत असतील अशी सर्वांची अपेक्षा होती. पण तेही सेकंदाला दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने, जवळजवळ आतल्यांइतकेच भरभर फिरत होते. ज्यांचे लहानपण कोकणात गेले त्यांना गोफण आठवत असेल. दगड जितका जोरात फिरवाल तितकी दोरी मजबूत हवी, नाहीतर दगड सुटून शेजार्‍याच्या कौलावर! तार्‍यांना धरून ठेवणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. काठावरचे तारे सुटून जात नाहीत, त्या अर्थी त्यांना ओढणारे वजन दिसते त्याच्या कितीतरी पट असले पाहिजे. देवयानीवरचा हा निबंध १९७० साली निघाला. १९८० साली रुबिन आणि त्यांच्या सहकार्‍यांनी आणखी २१ दीर्घिकांचे वेग छापले. सगळीकडे तोच प्रकार.

रोग आहे, एवढे निश्चित झाले. पण कोणता?

त्याच १९८० साली मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की न्यूट्रिनो नावाच्या बारीक कणाला वजन आहे. हे कण विश्वात अगणित आहेत, सूर्याकडून येणारे तर प्रत्येक क्षणी आपल्या अंगातून आरपार जात असतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पुष्कळांना वाटले, सापडला आपला अदृश्य पाहुणा! (मॉस्कोचे ते मोजमाप पुढे चुकीचे निघाले. वजन आहे, पण फारच थोडे.) तो पाहुणा न्यूट्रिनोच आहे की नाही, याचा निकाल मात्र कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी दीर्घिकांच्या मोजदादीने लावला. तो कसा, हे आम्ही स्वयंपाकघरातून सांगतो.

आपल्याकडे रोश हाशानाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, पिळून काढलेला चीक रात्रभर स्वस्थ ठेवला की सकाळी तळाशी छान घट्ट बसलेला असतो. तेच पातेले कोणी रात्रभर ढवळत बसले तर? चीक बसेल कशाला! विश्वाच्या आरंभीही सगळे द्रव्य असेच जवळजवळ सारखे पसरलेले होते. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. जिथे दाट तिथे ओढ जास्त, म्हणून तिथे आणखी द्रव्य जमत गेले आणि गुठळ्या झाल्या. कृष्णद्रव्याचे कण संथ असतील तर लहान-लहान गुठळ्या आधी होतील आणि त्या जुळून मोठ्या होतील. कण न्यूट्रिनोसारखे सुसाट धावणारे असतील तर लहान गुठळ्या पुसूनच जातील. आधी अवाढव्य गोळे होतील, आणि ते फुटून दीर्घिका व्हायला फार उशीर लागेल. संथ कणांना शास्त्रज्ञ ‘थंड’ म्हणतात आणि धावर्‍यांना ‘गरम’. म्हणजे आकाशात दीर्घिका कशा विखुरल्या आहेत हे नीट मोजले तर त्यांना जमवणारे द्रव्य थंड की गरम, हे सांगता येते.

मोजावयाचे म्हणजे नुसते फोटो काढून भागत नाही. फोटोत जवळची आणि दूरची दीर्घिका शेजारी-शेजारी दिसते. अंतर काढायला तिच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहावे लागतात. दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते आणि तितका तिचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर दीड मीटर आरशाच्या दुर्बिणीने १९७७ पासून एकेक करून असे रंग तपासण्याचे काम चालले होते. १९८२ पर्यंत सुमारे २,४०० दीर्घिकांची वही भरली. मग सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनी संगणकात न्यूट्रिनोंनी भरलेले नकली विश्व तयार केले आणि वहीशी ताडून पाहिले. जुळेना! न्यूट्रिनोंच्या विश्वात भलतेच मोठे गोळे होत होते. ते साल होते १९८३. दोन वर्षांनी जॉर्ज एफ्स्टाथियू यांच्याबरोबर त्यांनी थंड द्रव्याचे विश्व करून पाहिले, त्या वेळच्या संगणकावर अवघे ३२,७६८ ठिपके घेऊन. ते खर्‍या आकाशाशी पुष्कळच जुळले. तेव्हापासून कृष्णद्रव्य ‘थंड’ मानले जाते.

या सार्‍या हकिकतीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ती वही. बक्षिसे हुशार कल्पनेला मिळतात, पण निकाल लागला तो रात्रीमागून रात्री थंडीत बसून भरलेल्या नोंदींनी.

१९८६ साली व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका चकतीतल्या सुमारे १,१०० दीर्घिकांचा नकाशा छापला. भांडी घासताना साबणाचा फेस होतो ना, तसे ते चित्र होते. दीर्घिका फुग्यांच्या पापुद्र्यांवर आणि मध्ये नुसती पोकळी.

पुढची मोठी पाहणी स्लोन या नावाची. २००० साली न्यू मेक्सिकोत अपाचे पॉइंट येथे अडीच मीटरच्या दुर्बिणीने ती सुरू झाली. एकेक दीर्घिका पाहत बसण्याऐवजी एका वेळी ६४० कशा पाहायच्या, याची त्यांनी मोठी सुंदर युक्ती काढली. आकाशाच्या ज्या तुकड्याकडे पाहावयाचे त्यातल्या दीर्घिकांच्या जागा मोजून अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीला तेवढी बारीक भोके पाडायची. दिवसा माणसांनी एकेका भोकात काचेचा तंतू हाताने खोवायचा. रात्री थाळी दुर्बिणीला लावली की प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश आपापल्या तंतूतून खाली उतरतो. पुढे भोके १,००० झाली. सुमारे वीस वर्षे हे काम माणसांच्या बोटांनी चालले, नंतर यंत्रांनी घेतले. शिरेत सुया खोवण्यात ज्यांची उमर गेली त्यांना त्या बोटांची कदर कळेल.

स्लोनच्या फोटोंत २००५ पासून एक नवीच जात सापडू लागली. आपल्या आकाशगंगेभोवती लहान-लहान दीर्घिका फिरत असतात. आधी अशा सुमारे अकरा ठाऊक होत्या, आता साठाच्या आसपास झाल्या आहेत. त्यातली ‘सेग १’ आपल्यापासून सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यात तारे इतके थोडे की सगळे मिळून काही शे सूर्यांइतकाच उजेड, पण तार्‍यांच्या वेगावरून पाहावे तर वजन काही लाख सूर्यांचे! म्हणजे ती जवळजवळ सगळी कृष्णद्रव्याचीच. अशा चिमुकल्या दीर्घिका किती आहेत ही मोजदाद फार महत्त्वाची. चीक ढवळला असता तर अशा बारीक गुठळ्या राहिल्याच नसत्या. त्या जितक्या जास्त सापडतात तितके कृष्णद्रव्याचे कण संथ असल्याचे पक्के होते. न्यूट्रिनो कधीच बाद झाले होते. या मोजणीने मध्यम धावणारे, म्हणजे ‘कोमट’ कणही पुष्कळसे बाद केले.

स्लोनने आपली वही सर्व जगाला फुकट उघडी ठेवली. त्याचा फायदा आपल्या पुण्यालाही झाला. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींतून मीन राशीच्या दिशेला, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांच्या गुच्छांचाही एक महागुच्छ शोधून काढला आणि त्याचे नाव सरस्वती ठेवले. वजन दोन कोटी अब्ज सूर्यांइतके, आणि त्यातलेही बहुतेक कृष्णद्रव्यच.

आणखी एक रीत आहे. काचेच्या पेल्यात पाणी भरा आणि त्यातून पलीकडच्या वर्तमानपत्राची अक्षरे पाहा. अक्षरे वाकडी होतात, त्यावरून पेल्याचा आकार ताडता येतो. वजनामुळे प्रकाश वाकतो हे आइनस्टाइन यांनी सांगितले आणि १९१९ च्या सूर्यग्रहणात ते पडताळून पाहिले गेले. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या कृष्णद्रव्यातून येताना किंचित वाकतो आणि तिचे चित्र जरासे चेपलेले दिसते. इतके जरासे की एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही, कारण मुळातच कोणी गोल, कोणी लांबट. पण लक्षावधी दीर्घिकांचा कल काढला की न दिसणार्‍या पेल्याचा आकार उमटतो. चिलीतल्या एका डोंगरावरच्या चार मीटरच्या दुर्बिणीने २०१३ ते २०१९ या काळात ७५८ रात्री हे काम केले आणि २०२१ साली दहा कोटी दीर्घिकांच्या आकारांवरून कृष्णद्रव्याचा नकाशा दिला. त्यात द्रव्याच्या गुठळ्या अपेक्षेपेक्षा किंचित कमी निघाल्या. चिलीतच झालेल्या दुसर्‍या एका पाहणीने २०२५ साली सांगितले की फरक जवळजवळ नाहीच. यावर अजून वाद चालू आहे. चालू द्या, दोन डॉक्टरांचे मत जुळेपर्यंत रोग्याला पुन्हा तपासणे बरे. युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अंतराळात गेली, ती सहा वर्षांत सुमारे दीडशे कोटी दीर्घिका पाहणार आहे.

आता रेहोवोतची गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी जण वाइझमन इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून बसने गेले असतील. तिथले मोर्देखाय मिलग्रोम यांनी १९८३ साली साफ वेगळे मत मांडले. ते म्हणतात, न दिसणारे द्रव्य वगैरे काही नाही. ओढ अगदी क्षीण झाली की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो, तुम्ही जुना नियम लावता म्हणून हिशेब चुकतो. पुढे २००४ साली जेरुसलेमचे याकोव बेकेन्स्टाइन यांनी या मताला आइनस्टाइनच्या गणितात बसवून पाहिले. एकेका दीर्घिकेचे फिरणे मिलग्रोम यांच्या नियमाने छान सांगता येते, हे विरोधकही कबूल करतात. खुद्द रुबिनबाईंनाही नियम बदलण्याचा मार्ग जास्त आवडे. पण दीर्घिकांचे मोठे गुच्छ आणि सगळ्या आकाशाचा तो फेस, तिथे या नियमाचे नीट जमत नाही. आम्हाला विचाराल तर पारडे कृष्णद्रव्याकडे झुकते. पण जमिनीखाली दीड किलोमीटर खोल काही टन द्रवरूप झेनॉन ठेवून वर्षानुवर्षे पाहिले तरी कृष्णद्रव्याचा एकही कण अद्याप हाती लागलेला नाही. तोवर रेहोवोतच्या माणसाला गप्प बसा म्हणण्याचा कोणाला हक्क नाही.

अ‍ॅरिझोनातच किट पीक नावाचा डोंगर आहे, तोहोनो ओ’ओधम या मूळ रहिवाशांच्या मुलखात. तिथल्या चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर रुबिन यांनी त्या २१ पैकी काही दीर्घिका पाहिल्या होत्या. त्याच दुर्बिणीवर आता ५,००० तंतू बसवले आहेत आणि प्रत्येक तंतूला हलवणारे स्वतःचे छोटे यंत्र आहे. या ‘डेझी’ पाहणीने मे २०२१ पासून पहिल्या तीन वर्षांत जवळजवळ दीड कोटी दीर्घिका व त्यांच्यासारख्या दूरच्या तेजस्वी वस्तू नोंदवल्या. तिचे मुख्य काम विश्वाच्या फुगण्याचे आहे, तो विषय पुन्हा केव्हातरी. पण तिने न्यूट्रिनोंना तराजूत घातले. ते किती गुठळ्या पुसतात त्यावरून हिशेब केला, तर नेहमीचे गणित धरून तिन्ही जातींच्या न्यूट्रिनोंचे मिळून वजन एका इलेक्ट्रॉनच्या सत्तर लाखाव्या भागाहूनही कमी भरते. प्रयोगशाळेतल्या तराजूला अजून इतके बारीक मोजता आलेले नाही.

व्हेरा रुबिन २०१६ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांच्या नावाची वेधशाळा चिलीत सेरो पाचोन डोंगरावर उभी राहिली आणि २३ जून २०२५ रोजी तिची पहिली चित्रे जगाला दाखवण्यात आली. आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२० कोटी ठिपक्यांचा, एका फोटोत पंचेचाळीस पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढे आकाश. दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपून अब्जावधी दीर्घिका नोंदण्याचा बेत आहे. त्यात सेग १ सारख्या अंधुक शेजारणी आणखी किती निघतात, याकडे सर्वांचे डोळे आहेत. पुष्कळ निघाल्या तर थंड द्रव्याची बाजू बळकट. अपेक्षेपेक्षा फार कमी निघाल्या तर चिकाचे पातेले कोणीतरी थोडेसे ढवळले होते, असे म्हणावे लागेल.

मुलांनो, देवयानी पाहायला वेधशाळा लागत नाही. शरद ऋतूत आईवडिलांबरोबर मित्स्पे रामोनकडे जा. सुक्कोथच्या सुट्टीत मात्र नको, कारण सुक्कोथ पौर्णिमेला येतो आणि चांदण्यात ती बुडून जाते. त्यानंतर दोन आठवड्यांनी, हेश्वानच्या रोश होदेशच्या सुमारास चंद्र नसतो. रात्री नऊच्या पुढे जवळजवळ डोक्यावर पाहा. चार तार्‍यांचा मोठा चौकोन दिसेल, त्याच्या ईशान्येच्या कोपर्‍यापासून तार्‍यांची एक ओळ निघते. ओळीतल्या दुसर्‍या ठळक तार्‍यापाशी थांबा आणि तिथून उत्तरेच्या ध्रुवतार्‍याच्या बाजूला थोडे सरका. कापसाच्या बोळ्यासारखा फिकट डाग दिसेल. तो थेट पाहू नका, नजर जराशी बाजूला ठेवा, म्हणजे जास्त स्पष्ट दिसतो. आजी-आजोबांना गरम शाल द्यायला विसरू नका, नेगेवमध्ये रात्री फार गारठा पडतो.